हातचा

मंगळवारी दुपारी दोनला येतो फिदेन्सिओ
ॲबट्सफर्डच्या आमच्या दवाखान्यात,
बुटांचं शेण दारातल्या पायपुसण्यावर
तीन-तीनदा घासून.
मी म्हणते, असू दे. तो घासतच राहतो.

उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली.
पिन कोण लावून देतं,
मी अजून विचारलेलं नाही.

दुभाषी फोनवर असते, टेक्सासहून.
माझं इंग्रजी तिच्या स्पॅनिशमध्ये जातं,
आणि स्पॅनिशमधून स्वतःच्या डोंगरातल्या बोलीत
तो एकटाच नेतो, ओठ न हलवता.
तिथून उत्तर परतायला वेळ लागतो.
'दुखतंय?'
'हो.'
'कुठे?'
तो टेबलावरची रिकामी जागा दाखवतो.

अपघात कागदावर चार ओळींचा.
पहाटे चार वीस. उणे एकोणीस.
चारा कालवायचा गाडा, ट्रॅक्टरपासून गाड्यापर्यंत
फिरणारा दांडा, मिनिटाला पाचशे चाळीस फेरे.
म्हणजे सेकंदाला नऊ.
हातमोज्याचा एक धागा सुटलेला;
'अगं आई' म्हणेपर्यंत नऊ.

दांड्यावरचं कवच गेल्या उन्हाळ्यातच फुटलं होतं,
गोठ्यामागे पडून होतं,
मांजरीनं त्यात पिल्लं घातली होती.
हे कागदावर नाही.
हे मालकानं, व्हर्लिननं, सांगितलं पार्किंगमध्ये
टोपी छातीशी धरून.
'नवीन मागवणारच होतो,' म्हणाला.
मग परत म्हणाला, 'मागवणारच होतो.'

आमच्या सांगोल्यात आळीला दूध घालायचा सिदराम म्हेत्रे,
कडबाकुट्टीनं दोन बोटं नेलेला.
आम्ही पोरं त्याला 'आठबोट्या' म्हणायचो, तोही हसायचा,
आणि माप काठोकाठ भरून वर थोडं सांडायचा.
त्याच्यामुळे मी या कामाला लागले
असं सांगायला बरं वाटलं असतं.
तसं काही नाही. मार्कच तेवढे पडले होते.

विम्याच्या माणसानं तक्ता पाठवलाय.
अंगठ्याचे इतके आठवडे, तर्जनीचे इतके,
मनगटाच्या वरचं वेगळं.
फिदेन्सिओ म्हणतो, तुम्हीच बेरीज करा,
माझा लिहायचा हात तोच होता.
मी पेन्सिल घेते.
आठ आणि सात पंधरा, पाच खाली मांडला,
आणि तोंडातून मराठीच निघालं:
'हातचा एक.'
फोनमधून दुभाषी म्हणाली, 'हे कळलं नाही मला.
पुन्हा सांगाल?'

काय सांगू?
की बेरजेत जे खाली मावत नाही
ते आमच्याकडे हातात ठेवतात,
पुढच्या घरात मिळवायचं विसरू नये म्हणून?
मी म्हटलं, 'काही नाही. आकडा होता.'

मग आरसा काढते.
टेबलावर उभा, मधोमध;
त्याच्या आड उरलेलं कोपर, पुढ्यात डावा हात.
आता आरशात पाहा, म्हणते. दोन्ही मुठी उघडा.
तो पाहतो.
दोन हात आहेत.
मला वाटलं रडेल. पहिल्यांदा रडतात बरेच जण.
तो विचारतो, चारशे बाराला आता कोण लावतं?
ती मागच्या डाव्या पायानं लाथ मारते,
नव्या पोराला सांगायला हवं.
यंत्राचे कप लावण्याआधी, समजावतो मला,
प्रत्येक सडातून चार धारा हातानं काढायच्या,
दूध नासलेलं नाही ना, ते बघायचं.

आणि काढू लागतो.
अंगठा वर, बोटं एकामागून एक खाली मिटत,
इकडे डावा, आरशात उजवा,
एक, दोन, तीन, चार.
खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.
दुभाषी विचारते, 'कुणी आहे का तिकडे?'

चार झाल्या.
डावा हात त्यानं पँटीला पुसला.
मग उजवा.